‘नेमका आजच!’ मधला नेमका : अर्थ, वाक्यातली जागा, लिंग-वचन आणि हमखास होणाऱ्या चुका

पर्वतीपायथा
अमराठी लोकांना बोली मराठी शिकवताना एका शब्दापाशी गाडी अडते : नेमका. कोशात ‘अचूक, ठरावीक, निश्चित’ असे अर्थ मिळतात. ‘नेमका पत्ता’, ‘नेमकी वेळ’ इथपर्यंत सगळं सुरळीत. पण ‘नेमकी आजच लाईट गेली’ यात अचूकपणा कुठला? बोलणारा वैतागलाय हे मराठी कानाला लगेच कळतं, शिकणाऱ्याला कळत नाही.

तेव्हा या धाग्यात जाणकारांना विचारायचंय :
१. हा वैताग ‘नेमका’ या शब्दातच आहे की शेजारच्या ‘च’ मध्ये?
२. नेमका / नेमकी / नेमकं हे कशाप्रमाणे बदलतं?
३. वाक्यात तो कुठे ठेवायचा?
४. लेखी मराठीत चालतो का?

गोष्टी नकोत, वाक्यं द्या.

जुनाकोश
आधी मूळ बघू. ‘नेम’ हे ‘नियम’चं झिजलेलं रूप. त्याच घरातले नेमणे, नेमणूक, नेमून दिलेलं काम, नेमस्त. बंदुकीचा नेम आणि ‘पावसाचा काही नेम नाही’ मधला नेमही तोच. म्हणजे मुळात ‘ठरलेलं, आखलेलं’. ‘नेमका’ची आज तीन कामं दिसतात.

पहिलं, विशेषण : नेमका अर्थ, नेमकी जागा, नेमक्या शब्दांत.

दुसरं, ‘अचूक’ अर्थाचं क्रियाविशेषण : नेमकं काय झालं? बस नेमकी कुठे थांबते? डेक्कन क्वीन पुण्याहून नेमकी सव्वासातला सुटते.

तिसरं तुमच्या प्रश्नातलं : डेक्कन क्वीन नेमकी आजच वेळेवर सुटली.

शेवटची दोन वाक्यं शेजारी ठेवून वर्गात वाचा. पहिल्यात नेमकी घड्याळाकडे बोट दाखवते, दुसऱ्यात नशिबाकडे. कोणीतरी वरून नेम धरून हाणल्यासारखी घटना आपल्यावर येऊन पडली, असा तो भाव. या अर्थाला तीन गोष्टी लागतात : एक घटना, ती जिच्याशी जुळली अशी वेळ / व्यक्ती / वस्तू, आणि या जुळण्याने कोणाची तरी झालेली अडचण. अडचण वाक्यात सांगावी लागत नाही. ‘नेमका आजच भिडे पूल पाण्याखाली गेला’ एवढं म्हटलं की बोलणाऱ्याला आज नदीपलीकडे जायचं होतं हे ऐकणारा स्वतः जोडून घेतो. शिकणाऱ्याला हे न बोललेलं अर्धं वाक्य आधी समजावून द्या, शब्द नंतर.

उच्चारातही फरक आहे. ‘नेमकं काय?’ मध्ये ‘ने’ साधा. वैतागात तो ओढला जातो : नेऽमकी आजच.

मुद्रितशोधक
दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं मी घेतो, कारण चुका सगळ्यात जास्त तिथेच होतात.

शाळेत ‘क्रियाविशेषण अव्यय अविकारी असतं’ असं पाठ करून घेतात. नेमका अव्यय नाही. तो क्रियापदासारखाच कर्त्याला नाहीतर कर्माला धरून बदलतो :

नेमका पाऊस आला. नेमकी बस गेली. नेमकं पेट्रोल संपलं. नेमके पाहुणे आले. नेमक्या बायका पुढच्या डब्यात चढल्या.

कर्मणी असेल तर कर्माप्रमाणे : तिने नेमकी आजच रजा घेतली (रजा स्त्रीलिंगी). भावे असेल तर नपुंसक एकवचन : नेमकं त्यांनी मलाच बोलावलं. बोलताना काही सुचलं नाही की माणसं सरसकट ‘नेमकं’ म्हणून मोकळी होतात, आणि ते खटकतही नाही : ‘नेमकं आजच बस चुकली’. नपुंसक हा सुरक्षित पर्याय. पण सरसकट पुल्लिंगी ‘नेमका’ लावला (‘नेमका बस चुकली’) की माणूस बाहेरचा आहे हे उघड होतं. शिकणाऱ्याला सांगा : लिंग माहीत नसेल तर ‘नेमकं’ वापरा, ‘नेमका’ नको.

‘लाईट’चं पुण्यात दोन्ही ऐकू येतं : लाईट गेली, लाईट गेले. त्यानुसार ‘नेमकी लाईट गेली’ किंवा ‘नेमके लाईट गेले’. एकदा ठरवा आणि तेच ठेवा. ‘नेमकी लाईट गेले’ ही खिचडी नको.

आता जागा. ‘विसरणे’ घ्या, कारण त्याचा भूतकाळ कर्त्याप्रमाणे चालतो आणि फरक स्वच्छ दिसतो :

तो नेमका किल्ली विसरला.
तो नेमकी किल्लीच विसरला.

पहिल्यात विसरण्याच्या घटनेवर राग : नको त्या वेळी विसरला. दुसऱ्यात वस्तूवर : पिशवीतलं बाकी सगळं आणलं, जी हवी होती तीच राहिली. नेमका ज्याला चिकटतो त्याचं लिंग घेतो, आणि बोट त्याच्याकडेच जातं.

षष्ठीत अजून एक गंमत : ‘नेमकी माझ्याच गाडीची हवा गेली’ आणि ‘नेमक्या माझ्याच गाडीची हवा गेली’. पहिल्यात नेमकी ‘हवा’शी जुळते, दुसऱ्यात नेमक्या ‘गाडी’च्या सामान्यरूपाशी. दोन्ही बरोबर, कानाला पहिलं जास्त सवयीचं.

वाक्याच्या शेवटीही येतो : ‘गेली बस नेमकी!’ हे फक्त बोलण्यात. लेखात असं वाक्य आलं तर मी ते संवादात आहे का ते आधी बघतो.

चहाकमीसाखर
थोडा विरोध नोंदवतो. ‘पावसात अडकलो होतो, नेमकी समोरून रिक्षा आली आणि सुटलो.’ इथे वैताग कुठाय? आनंदच आहे की! म्हणजे नेमका फक्त योगायोग सांगतो. वैताग आपण संदर्भातून घेतो आणि बिल शब्दावर फाडतो.

जुनाकोश
उदाहरण बरोबर, निष्कर्ष अर्धाच. चाचणी अशी करा : संदर्भ काढून टाका आणि एकच वाक्य कोणाच्याही हातात द्या.

‘आज पाहुणे आले.’ : बातमी.
‘आजच पाहुणे आले.’ : काल नाही, आज. फार तर थोडा जोर.
‘नेमके आजच पाहुणे आले.’ : पाहुणे नको होते.

तिसऱ्या वाक्याचा आनंदी अर्थ लावायचा तर पुढे ‘म्हणून बरं झालं’ वगैरे जोडावं लागतं, जसं तुम्ही ‘आणि सुटलो’ जोडलंत. तक्रार मात्र काहीही न जोडता कळते. म्हणजे नेमकाचा कल तक्रारीकडे आहे. आनंद हवा असेल तर सोय वेगळी करावी लागते. सासरच्या मंडळींच्या ग्रुपवर ‘नेमके तुम्ही आलात तेव्हा...’ असं टाइप करताना हे लक्षात असू द्या.

पहिल्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. ‘च’ वेळ किंवा वस्तू बाकीच्यांपासून वेगळी काढतो, आणि नेमका त्या वेगळं निघण्यावर बोट ठेवतो. ‘च’ नसतानाही काम होतं : ‘बाहेर पडलो आणि नेमका पाऊस आला.’ पण ‘आज’, ‘तेव्हा’, ‘मला’ असा शब्द नेमकाच्या लगेच पुढे आला की ‘च’ जवळपास लागतोच. ‘नेमका आज पाऊस आला’ चुकीचं नाही, थोडं पांगळं वाटतं.

पेठेतली
+१. काळाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून भर घालते. वैतागाचा नेमका भूतकाळातच येतो असं नाही.

रीतिवर्तमान : अंघोळीला गेलं की नेमकी बेल वाजते. गुरुवारी पाणी नसतं आणि नेमकी गुरुवारीच भांडी साठतात.
भविष्य, म्हणजे धास्ती : बघ, आपण निघालो की नेमका सिग्नल लागेल.
नकार : नेमका आजच तो आला नाही.

आज्ञार्थात मात्र हा अर्थ बसत नाही. ‘नेमकं आजच जा’ हे टोमणा म्हणूनच उभं राहतं. कारण साधं आहे. आज्ञा आपण स्वतः देतो, आणि नेमकाला हवी असते आपल्या हाताबाहेरची घटना.

अवांतर : ‘एक्झॅक्टली’ने दुसरं काम बरंचसं पळवलंय. ‘एक्झॅक्टली काय झालं?’ पेठांतही सर्रास ऐकू येतं. पण ‘एक्झॅक्टली आजच लाईट गेली’ म्हणून बघा. महावितरणचा अहवाल वाचल्यासारखं वाटतं. उसन्या शब्दाने अर्थ घेतला, कुरकुर घेता आली नाही.

अजून एक अवांतर, पुणेरी पाट्यांबद्दल. ‘नेमके काय हवे ते ठरवून मगच काउंटरवर यावे’ या धर्तीच्या पाटीत राग दिसतो म्हणून तो ‘नेमके’चा समजू नका. तिथे नेमके दुसऱ्या कामावर आहे, साधं ‘अचूक’. राग सगळा ‘मगच’ मध्ये आहे. ‘मग’ करून पाहा, पाटी एकदम सभ्य होते.

मुळाकाठ
वैतागाचं क्रियाविशेषण म्हणताय तर ‘एकदाचा’ला कसं विसरलात? माझ्या मते तो नेमकापेक्षा पक्का आहे, कारण त्याला तटस्थ अर्थच नाही.

एकदा + चा, षष्ठीचा प्रत्यय. लिंग-वचन सांभाळतो : आला एकदाचा, आली एकदाची, झालं एकदाचं, गेले एकदाचे, संपल्या एकदाच्या. भाव दुहेरी, वाट पाहून आलेला शीण आणि आता सुटलो हे. ‘शेवटी’ आणि ‘अखेर’ यांत वाट पाहणं आहे पण कंटाळा असेलच असं नाही. ‘अखेर मेट्रो सुरू झाली’ हा मथळा होईल, ‘झाली एकदाची मेट्रो सुरू’ हा रोज त्या खोदकामातून गेलेल्या माणसाचा उद्गार.

जागा बहुधा क्रियापदानंतर. आधीही येतो (‘एकदाचं काम संपलं’), पण नंतर आला की ठसका वाढतो.

नेमकाच्या उलट याला आज्ञार्थ छान मानवतो : जा एकदाचा! सांगून टाक एकदाचं. होऊ दे एकदाचं. भविष्यही चालतं : संपेल एकदाचं.

न चालणारं :
‘तो रोज एकदाचा येतो’, कारण रीत म्हणून घडणाऱ्याला ‘एकदाचं’ कसं म्हणणार?
‘तो आला नाही एकदाचा’, कारण शेवट झालेलाच नाही.

आणि धोक्याची जागा : माणसाच्या जाण्याबद्दल. ‘पाहुणे गेले एकदाचे’ हे पाहुणे जिना उतरेपर्यंत म्हणू नये. मृत्यूच्या बाबतीत ‘गेले एकदाचे’ म्हटलं की ऐकणाऱ्याला सुटकेचा निःश्वासच ऐकू येतो, मग बोलणाऱ्याच्या मनात ‘आजारातून सुटले’ असं का असेना. शिकणाऱ्याला हे पहिल्याच दिवशी सांगा.

मुद्रितशोधक
मुळाकाठ, उत्तम. यात मुद्रितशोधनाचा सापळा जोडतो : अनुस्वार.

लग्न एकदाच झालं.
लग्न एकदाचं झालं.

पहिलं संख्या सांगतं, दुसरं दमणूक. फरक एका टिंबाचा. मोबाईलवर टाइप करताना टिंब राहिलं की स्पेलचेक काही म्हणत नाही, कारण दोन्ही शब्द शुद्ध. उच्चारात गोंधळ होत नाही. दोन्हींत च दातांचा, म्हणजे ‘चमचा’तला. पण ‘एकदाच’चा च व्यंजनान्त तुटतो आणि ‘एकदाचं’मध्ये शेवटचा अ रेंगाळतो. तेव्हा शंका आली की वाक्य मोठ्याने वाचा. प्रमाण लेखनात ‘एकदाचे’ लिहिलं की प्रश्नच मिटतो.

पर्वतीपायथा
वा, खूपच उपयोगी. वर्गात अजून दोन शब्द वारंवार विचारले जातात : ‘सारखं’ आणि ‘उगाच’. तेही याच धाग्यात घेऊ या का?

पेठेतली
‘सारखा’ मी घेते, माझा आवडता.

विशेषण म्हणून ‘समान’ : दोन्ही सारखेच. ‘पदर सारखा कर’, ‘चादर सारखी कर’ यांत ‘नीट, सरळ’. आणि क्रियाविशेषण म्हणून ‘पुन्हापुन्हा, थांबत नाही असं’. इथे तक्रार शिरते. ‘तो नेहमी फोन करतो’ ही माहिती. ‘तो सतत फोन करतो’ इथे भुवई थोडी वर जाते. ‘तो सारखा फोन करतो’ म्हणजे आता पुरे. ‘सारखं सारखं’ अशी द्विरुक्ती केली की समोरच्याने गप्प बसावं हे बरं.

अपवाद आहे : ‘तुझी सारखी आठवण येते’ यात कसलीही तक्रार नाही. मनात येणाऱ्या गोष्टीबद्दल सारखी प्रेमळ असते, दुसऱ्याच्या कृतीबद्दल कुरकुरी. ढोबळ नियम आहे, पण बऱ्याच ठिकाणी चालतो.

जुळणी इथेही दोन तऱ्हांची. ‘तो सारखा फोन करतो’ : राग माणसावर. ‘तो सारखे फोन करतो’ : लक्ष फोनांच्या संख्येवर.

आता खरा घोळ बघा, तो शब्द तोडण्यात आहे :

ती आईसारखी बोलते.
ती आई सारखी बोलते.

पहिलीत लेक आईच्या वळणावर गेली आहे. दुसरीत एक आई आहे आणि तिची टकळी थांबत नाही. ‘सारखा’ शब्दयोगी म्हणून येतो तेव्हा नामाला जोडूनच लिहायचा. इथे गोंधळ व्हायचं कारण ‘आई’चं सामान्यरूप ‘आई’च राहतं. ‘मुलगा’च्या बाबतीत रूपच सांगतं : ‘मुलासारखा रडतो’ आणि ‘मुलगा सारखा रडतो’, इथे चूक करायला जागाच नाही. म्हणजे ज्या नामांचं सामान्यरूप बदलत नाही (आई, दादा, काका, आणि बरीच माणसांची नावं) तिथे स्पेसबार जपून. ‘काका सारखे वागू नका’ असा मेसेज गेला तर काका नक्की काय वागतात यावर चर्चा सुरू होईल.

चहाकमीसाखर
:) :) वाखूसा (वाचनखूण साठवली).

उगाचबद्दल दोन ओळी : अव्यय आहे, बदलत नाही, उगाच किंवा उगीच. ‘उगाच गेलो’ = फुकट फेरी. ‘उगाच बोलू नको’ = कारण नसताना. एवढंच.

जुनाकोश
एवढंच नाही हो. ‘उगा’ म्हणजे मुळात शांत, गप्प. रडणाऱ्या बाळाला ‘उगी, उगी’ म्हणतात ते तेच. मोल्सवर्थच्या कोशात (१८३१, सुधारून वाढवलेली आवृत्ती १८५७) ‘उगा’खाली हाच अर्थ सापडेल. गप्प, मग स्वस्थ, मग रिकामा, मग रिकामपणी म्हणजे कारणाशिवाय, मग फुकट. असा तो उतरत आला. पुण्यातच सिद्ध झालेल्या दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड (१९३२ ते १९३८) चाळताना असे शब्द ‘च’ काढूनही शोधून पाहावेत.

आणि एक वापर राहिला : ‘उगीच नाही’. ‘उगीच नाही लोक इथे रांग लावत’ ही चक्क स्तुती. नकार लागला की उगीच पूर्ण उलटतो. नेमका आणि एकदाचाला ही कोलांटी येत नाही.

मुळाकाठ
चौथा प्रश्न, लेखी वापराचा, तसाच राहिला.

अर्जात, तक्रारीत, सोसायटीच्या नोटिशीत वैतागाचा नेमका टाळावा. नियम म्हणून नाही, तोटा होतो म्हणून. ‘नेमका त्याच दिवशी सर्व्हर बंद होता’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला रडगाणं ऐकू येतं आणि कारण दुय्यम ठरतं. ‘त्याच दिवशी सर्व्हर बंद असल्यामुळे अर्ज भरता आला नाही’ यात कारण पुढे येतं. बातमीत ‘नेमक्या याच वेळी’ चालतं, कारण सामान्यरूपातला ‘नेमक्या’ वेळेचं विशेषण होतो आणि तक्रार गळून पडते.

नोटिशीत या दोन अर्थांमधली जागा सगळ्यात घातक. ‘सभा नेमकी किती वाजता आहे ते कळवावे’ ठीक. ‘सभा नेमकी रविवारीच आहे’ असं चिटणिसांनी लिहिलं तर स्वतःच्याच सभेबद्दल कुरकुर केल्यासारखं होतं.

ललित लेखनात, संवादात बिनधास्त वापरा; ‘नेमकं’, ‘एकदाचं’ अशी अनुस्वाराची रूपंच तिथे शोभतात.

पर्वतीपायथा
सर्वांचे आभार. यावरून वर्गासाठी क्रम असा धरतोय : आधी ‘नेमकं + काय / कुठे / कधी / कोण’, कारण तिथे वैतागाचा प्रश्नच येत नाही. मग ‘नेमकं + आजच / तेव्हाच / मलाच’, सगळं नपुंसकात. लिंगाची जुळणी तिसऱ्या तासाला. एकदाचा त्याच्या पुढच्या आठवड्यात, ‘गेले एकदाचे’च्या इशाऱ्यासकट. फळ्यावर एकच नियम लिहीन : प्रश्नार्थक शब्द असेल तर अर्थ ‘अचूक’, ‘च’ असेल तर ‘वैताग’. बरोबर ना?

मुद्रितशोधक
क्रम चांगला, नियम ‘का’पाशी फुटतो.

नेमकं का गेलास?
नेमका आजच का गेलास?

दोन्हींत प्रश्नार्थक शब्द आहे. पहिल्यात कारण विचारलंय, दुसऱ्यात जाब. तेव्हा वाक्यात काय आहे ते मोजू नका, नेमकाच्या लगेच पुढे काय आलंय ते बघा. प्रश्नार्थक शब्द लगेच आला तर अचूक. ‘च’वाला शब्द किंवा थेट घटना आली तर वैताग, मग वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असो वा नसो. फळ्यावर दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहा आणि ‘नेमका’च्या पुढच्या शब्दाला चौकट करा.

पर्वतीपायथा
केली दुरुस्ती. चौकटीची कल्पना उचलतोय.